झेंडूचं तोरण आणि शेंगांचं कडं: घरच्या घरी, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्यात कुठल्याही चौकात तयार तोरण मिळतं. ते घेण्यात काही वावगं नाही. पण ते तुमच्या दाराच्या मापाचं नसतं, आणि आधीच ओवून गोणीत दाबून आणलेलं असेल तर संध्याकाळपर्यंत मान टाकतं. घरी केलेलं तोरण तीन-चार दिवस सहज टिकतं. त्याला मोठी कलाकुसर येत असावी लागत नाही. माप आधी घ्यायचं, माल कोरडा निवडायचा आणि सगळं वजन सुतळीवर टाकायचं. बाकी काम दाभण आणि दोरा करतात.

खाली दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, दसरा-दिवाळीचं ताजं तोरण. दुसरी, वेलीचं गोल कडं, ज्यावर वाळक्या शेंगा आणि बोंडं बांधायची. हे कडं दिवाळीपासून नाताळापर्यंत आणि पुढेही भिंतीवर राहतं. पहिलीच वेळ असेल तर तोरणापासून सुरुवात करा.

आधी दार मोजा

फुलं आणायला निघण्याआधी टेप घेऊन चौकटीची बाहेरची रुंदी मोजा. फ्लॅटच्या मुख्य दाराची चौकट साधारण साडेतीन फुटांची, म्हणजे ४२ इंचांची असते. पुढचा सगळा हिशेब मी तेवढ्यावर केला आहे. तुमचं दार वेगळं असेल तर त्या प्रमाणात बदला.

मग चौकटीवर खिळे किंवा हुक कुठे आहेत ते बघा. नसतील तर आजच ठोका. सणाच्या सकाळी शेजारी हातोडी मागायला जाण्यात मजा नाही.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ सगळेच विसरतात: सेफ्टी डोअर. जाळीचं दार बाहेर उघडत असेल आणि तोरण त्याच्या वाटेत लोंबत असेल, तर पहिल्या तासातच पानं चेंगरतात. दार पूर्ण उघडून आणि बंद करून बघा, वरच्या पट्टीपासून किती इंच जागा मोकळी मिळते ते मोजा आणि तोरण त्याच्या आत बसवा. जागा अगदीच कमी असेल तर तोरण आतल्या दाराच्या चौकटीला लावा. घरात कोणी सहा फुटी असेल तर मधला झोल जरा कमी ठेवा, नाहीतर ते चार दिवस डोक्याने पाकळ्या झाडत फिरतील.

फुलं आणि पानं आणणं

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फुलांचा घाऊक बाजार आहे. सोसायटीतली चार-पाच घरं मिळून फुलं घेणार असतील तर पहाटे तिथे जाणं परवडतं. एका तोरणासाठी एवढं लांब जायची गरज नाही. मंडईच्या आसपास आणि दसऱ्याच्या तोंडावर मोठ्या रस्त्यांच्या कडेला टेम्पो लावून शेतकरी थेट झेंडू विकतात, तो बहुतेकदा जास्त ताजा असतो. ४२ इंचांच्या दाराला पाऊण किलो झेंडू पुरतो. फुलं लहान-मोठी असतात म्हणून थोडी जास्तच घ्या, उरलेली देवाला आणि गाडीला लागतातच.

झेंडू निवडताना रंगाकडे नंतर बघा. आधी फूल उलटं करा आणि देठाजवळची हिरवी वाटी दोन बोटांत दाबा. ती घट्ट आणि कोरडी हवी. मऊ लागली, बोटाला पाणी लागलं किंवा कडेने काळपट दिसली तर ते फूल आतून सडायला लागलं आहे, वरून कितीही टवटवीत दिसो. दसरा अनेकदा परतीच्या पावसात येतो. भिजलेली फुलं वजनाला जास्त भरतात आणि दुसऱ्याच दिवशी वास मारतात. दोन ढिगांत एक स्वस्त आणि ओला असेल तर महाग आणि कोरडा घ्या. कलकत्ता झेंडू मोठा आणि गच्च पाकळ्यांचा असतो, तो ओवायला बरा. लहान, विरळ पाकळ्यांचा झेंडू सुई घालताना विस्कटतो, पण मध्येमध्ये रंग बदलायला चालतो. शेवंती दिसते सुंदर, पण हात लागला की डागाळते. पहिल्या तोरणात तिच्या नादी लागू नका.

घरी आल्या आल्या फुलं पिशवीतून बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिलेला झेंडू सकाळी गरम लागतो. वर्तमानपत्रावर एकेरी थरात पसरा आणि पंखा मंद ठेवा. एखाद-दुसरं फूल खराब निघालं तर लगेच बाजूला काढा. सगळी फुलं एकाच वेळी ओवली जाणार नसतील तर कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवता येतात. पाणी मारायचा मोह टाळा.

आंब्याची पानं निवडताना गर्द हिरवी, जून पानं घ्या. तांबूस कोवळी पालवी फोटोत छान दिसते आणि दोन तासांत लोळते. डहाळी घेतली असेल तर ती घराबाहेरच जोरात झटका, लाल मुंग्या असू शकतात. देठ तोडल्यावर येणारा चीक काहींच्या कातडीला खाजवतो, म्हणून हात धुवा आणि लहान मुलांना पानं पुसून झाल्यावरच कामाला लावा. डहाळीचं टोक रात्रभर बादलीत पाण्यात ठेवलं की पानं ताठ राहतात. सकाळी तोडा, ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या. पानांना चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावतात. मला ते पटत नाही. दार रस्त्याकडे असेल तर तेलावर धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी पानं आणखी मळकट दिसतात.

आंबा मिळाला नाही तर आसुपालव, म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाला उंच उभा असतो तो हिरवा अशोक, चालतो. त्याची पानं लांबट आणि कडेने लाटेसारखी असतात आणि बरीच टिकतात. पण झाडावर चढून फांद्या ओरबाडायच्या नाहीत, मग ते झाड सोसायटीचं का असेना. शहरातल्या झाडांना १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचं कवच आहे आणि फांद्यांच्या छाटणीसाठीही महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. माळी छाटणी करतो त्या दिवशी त्याच्याकडून चार डहाळ्या मागून घ्या. तो आनंदाने देतो.

तोरणात आपट्याची पानंही लावायची असतील तर नीट बघून घ्या. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. बाजारात त्याच्या नावाखाली कांचनाची मोठी, पातळ पानं सर्रास विकली जातात. तोरणासाठी दोन्ही चालतील, पण भाव आपट्याचा मोजू नका. भाताच्या चार लोंब्या मिळाल्या तर जरूर घ्या. कोकणात नवं बांधताना, म्हणजे नव्या भाताचं स्वागत करताना, आंब्याची पानं, झेंडू आणि भाताची लोंबी एकत्र दाराला बांधतात. मावळ-भोरकडची मंडळी दसऱ्याला लोंब्या विकायला आणतात, आणि फुलं सुकली तरी लोंबी तशीच सोनेरी राहते.

ओवणं

सामान असं: सुतळी ६ फूट, जाड दोरा, दाभण, कात्री आणि कोऱ्या खराट्याचे पाच-सहा हीर, म्हणजे काड्या. कोऱ्या म्हणजे खरंच कोऱ्या. दाराच्या तोरणात वापरलेला खराटा कुठल्याही आजीला चालणार नाही.

पहिलं काम पानांचं. सुतळी दोन खुर्च्यांच्या पाठींना ताणून बांधा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दोन्ही टोकांना बांधायला वीतभर सोडून मधल्या ४२ इंचांवर दर ३ इंचांनी पेनने खूण करा. कडेच्या खुणा सोडल्या तर १३ जागा येतात, म्हणजे १३ पानं. विषम संख्या आपोआपच येते, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचाही प्रश्न सुटतो. हिराचे दीड-दोन इंचांचे तुकडे करून टोकं तिरपी कापा.

आता एक पान घ्या. चकचकीत बाजू तुमच्याकडे, देठ वर. देठाकडचा इंचभर भाग सुतळीवरून मागे दुमडा. सुतळीच्या अगदी खाली हिराचा तुकडा पुढून टोचा, मागच्या घडीतून काढा आणि पुन्हा पुढे आणा, शिवणाच्या टाक्यासारखा. मधली शीर टाळा, ती टणक असते आणि तिथे पान चिरतं. टाका सुतळीला जितका लागून तितकं पान कमी सरकतं. पहिली दोन पानं वाकडी होतील, तिसऱ्याला हात बसतो. स्टेपलरने हेच काम झटपट होतं, पण नंतर खतात पिना शोधत बसावं लागतं.

दुसरं काम फुलांचं, आणि ते वेगळ्या दोऱ्यावर. पानं आणि फुलं एकाच दोऱ्यावर ओवली तर मध्येच एक फूल सडलं की सगळं उसवावं लागतं. दोरा दुहेरी घ्या, टोकाला गाठ मारा आणि गाठीच्या आत पानाचा छोटा तुकडा अडकवा, म्हणजे शेवटचं फूल निसटत नाही. झेंडूचा देठ वाटीला अगदी लागून तोडा. दाभण वाटीच्या मधोमध घालून फुलाच्या तोंडातून बाहेर काढा. वाटी चुकली आणि सुई नुसत्या पाकळ्यांतून गेली तर फूल पिसासारखं गळून पडतं. एका फुलाला दाबून बसवल्यावर साधारण इंचभर जागा लागते. त्यामुळे आडव्या पट्टीला ४२ आणि दोन्ही बाजूंना फूटभर लोंबणाऱ्या सरांना बारा-बारा, अशी ६६ फुलं. फुलं फार करकचून दाबू नका. गच्च दाबलेल्या माळेत हवा खेळत नाही आणि ती आतून लवकर काळी पडते. दर पाच-सहा फुलांनंतर रंग बदलला की उठाव येतो.

माळ तयार झाली की ती पानांच्या सुतळीवर, पानांच्या घड्या झाकतील अशी ठेवा आणि दर वीतभर अंतरावर दोऱ्याने बांधा. आता भार सुतळी उचलते. हे तोरण दिवाळीला पुन्हा वापरायचं झालं तर फुलांची माळ तेवढी बदलायची. दसरा आणि दिवाळीच्या अमावास्येत वीसेक दिवसांचं अंतर असतं. तोवर पानं वाळून कुरकुरीत होतात, तेव्हा तीही बदलावीत हे बरं, पण सुतळी आणि खुणा तयार असतात.

लोंब्या असतील तर तीन-चार एकत्र बांधून मध्यभागी एक झुबका सोडा. एवढंच पुरे. लिंबू, मिरच्या, घुंगरू, कवड्या एकाच तोरणात घालणारे लोक असतात. त्यांना शुभेच्छा.

वेलीचं कडं

याचं काम सावकाशीचं आहे आणि सामान जवळजवळ फुकट. सोसायटीच्या भिंतीवर मधुमालती असेल तर पावसाळ्यानंतर ती कापावीच लागते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, लांब वेली घ्या आणि पानं काढून टाका. ताज्या असतील तर लगेच वळतात. वाळल्या असतील तर तासभर पाण्यात भिजवा. एक वेल हातात घेऊन बारा इंचांचा गोल करा, उरलेलं टोक त्याच गोलाभोवती पीळ देत फिरवा आणि शेवटी खोचा. दुसरी वेल पहिलीच्या उलट्या बाजूने फिरवा. अशा चार-पाच वेली घातल्या की अंगठ्याच्या दुप्पट जाडीचं कडं होतं. चार ठिकाणी सुतळीने बांधून सावलीत आठवडाभर सुकू द्या. गुळवेलही छान वळते, पण ती चिवट आहे. नुसत्या हवेतही तिला कोंब फुटतात. वेल मिळालीच नाही तर बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणा आणि त्यांचा गोल करा. बुरडाला सांगितलं तर तो स्वतःच वळून देईल, आणि तुमच्यापेक्षा गोल.

शेंगा आणि बोंडं एका दिवसात जमत नाहीत. दारामागे एक खोका ठेवा आणि फिरायला गेलात की खाली पडलेलं उचलत जा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला महोगनीची लाकडी फळं फुटून पडतात. त्यांच्या जाड सालीच्या पाकळ्या आणि मधला कणा, दोन्ही कड्यावर उठून दिसतात. पिचकारीच्या शेंगा उकलल्या की होडीसारख्या दिसतात. जॅकरँडाच्या चपट्या, गोल, शिंपल्यासारख्या उघडलेल्या शेंगा माझ्या मते सगळ्यांत देखण्या, आणि त्यांना रंग द्यायचं पाप करू नये. गुलमोहराची शेंग लांबीला फार होते, तिचे तुकडे करून वापरा. सुरूची छोटी बोंडं आणि निलगिरीच्या टोप्या मधल्या फटी भरायला. सिल्व्हर ओकचं वाळकं पान उलटं लावलं की त्याची चंदेरी बाजू वर येते, सोनेरी-रुपेरी स्प्रे आणायची गरजच उरत नाही. बाहव्याच्या शेंगेच्या आत काळा चिकट गर असतो, पर्जन्यवृक्षाच्या शेंगा गोड चिकट असतात; दोन्हींना मुंग्या येतात, सोडून द्या. टेकडीवर काही तोडायचं नाही, पायाखाली पडलेलं पुरतं.

तीन गोष्टींना हात लावू नका. लालभडक, काळ्या डोळ्याची गुंज दिसायला सुंदर, पण बी विषारी असतं. लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असलेल्या घरात तर ती अजिबात नको. पिवळ्या कण्हेरीचं फळ, म्हणजे बिट्टी, तेही विषारी. आणि रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या बारीक फुलांचे जे नाजूक झुपके दिसतात, जे वाळवून फुलदाणीत ठेवावेसे वाटतात, ते गाजरगवत आहे. अंगाला खाज आणि पुरळ, कोणाकोणाला दम्याचा त्रास. देशात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, तेव्हा ते आपल्याला ओळखू यायलाच हवं.

जमवलेलं सगळं ब्रशने झाडा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. शेंगांत बारीक भोकं दिसली तर आत किडा आहे. अशा शेंगा पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग पुन्हा उन्हात. एवढा त्रास घ्यायचा नसेल तर भोकवाल्या फेकून द्या.

बांधणीला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी बारीक बाइंडिंगची तार घ्या. जड वस्तू तारेने, हलक्या फेविकॉलने. महोगनीचं फळ नुसतं चिकटवलं तर ते कधीतरी रात्री धपकन पडतं. फेविकॉल रात्रभर पूर्ण सुकू द्या, तोवर कडं आडवंच ठेवा. सगळं कडं भरू नका. खालच्या बाजूला एका कडेने तिसरा हिस्सा भरा आणि बाकी वेल मोकळी दिसू द्या. आधी तीन मोठ्या वस्तू बसवा, त्यांच्यामध्ये मध्यम, शेवटी फटींत बोंडं. प्रत्येक वस्तू बांधल्यावर कडं उचलून दोन पावलं लांब धरून बघा. टेबलावर सपाट ठेवून सगळंच चांगलं दिसतं.

नाताळासाठी याच कड्याला हिरवा जोड देता येतो. थंड देशांतल्या सूचिपर्णी फांद्यांच्या जागी पुण्यात मोरपंखी आहे. कुंडीतल्या किंवा कुंपणाच्या मोरपंखीच्या हातभर लांबीच्या डहाळ्या आठवडाभर तरी हिरव्या राहतात. तीन-तीन डहाळ्यांचे झुबके करून, प्रत्येक पुढचा झुबका आधीच्या देठावर येईल असे एकाच दिशेने तारेने गुंडाळत जा. त्यात चक्रीफूल आणि दालचिनीच्या दोन काड्या खोचल्या की घरात वास दरवळतो. संत्र्याच्या चकत्याही लावतात. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कापा, कागदाने टिपा आणि डिसेंबरच्या उन्हात जाळीवर वाळवा. रात्री दव पडतं, म्हणून संध्याकाळी आत घ्या. पूर्ण कडक झाल्याशिवाय कड्यावर लावू नका, बुरशी येते.

लावताना आणि उतरवताना

ताजं तोरण आदल्या रात्री ओवून घट्ट पिळलेल्या ओलसर पंच्यात गुंडाळून ठेवा आणि सकाळी लावा. वाळकं कडं दिवाळीत पणत्यांच्या वर किंवा आकाशकंदिलाच्या बल्बाला खेटून कधीच नको. वाळकी वेल आणि शेंगा हे उत्तम सरपण असतं. पणत्या दाराच्या दोन्ही कोपऱ्यांत असतील तर कडं आतल्या भिंतीवर लावा.

तोरण उतरवल्यावर दोरा कापून ओढून घ्या आणि हीर काढा. फुलं कुंडीतल्या खतात जातात. आंब्याची पानं कुजायला वेळ घेतात, ती कात्रीने बारीक करा. खत करत नसाल तर फुलं-पानं ओल्या कचऱ्यात, दोरा सुक्यात. थोड्या वाळक्या झेंडूच्या पाकळ्या बीसकट कुंडीत टाकून बघायला हरकत नाही. रोपं उगवतात, पण बाजारातला झेंडू बहुतेक संकरित असल्याने फूल तसंच येईल असं नाही. कडं कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा, सोबत दोन डांबरगोळ्या टाका, आणि पावसाळा संपला की काढून एकदा उन्हात ठेवा.